रकाना सातवा

शासन निर्णय आला तेव्हा मी टाचणी शोधत होतो.
तीन पानं, खाली गोल शिक्का :
संघर्षाच्या काळात राजकीय हेतूने
ज्यांनी शस्त्र बनवले, बाळगले, लपविले वा पोचविले,
त्या सर्वांस माफी.
खुनाला नाही. बंदुकीला आहे, गोळीला नाही.
साहेब म्हणाले, गुरव, नमुना आखा.
आखला. आठ रकाने.
नाव, गाव, वय, कलम, शस्त्राचं वर्णन, कुठे सापडलं.
सातवा : हेतू.
आठवा शेरा, नेहमीसारखा सगळ्यांत अरुंद.

नाशिकरोडच्या कारागृहात, मुलाखतीच्या खोलीत टेबल टाकलं.
टेबलाचा एक पाय आखूड होता,
त्याखाली मी कुठल्याशा जुन्या पंचनाम्याची घडी सरकवली.

पहिला सुकदेव तांबट.
"घंगाळं केली, बंब केले. नळी मागितली, नळी केली."
हेतू?
"साडेचारशे रुपये. त्यातले दोनशे अजून येणं आहे."
वकीलबाईंनी कपाळाला हात लावला,
मग त्याच्या कानाशी वाकल्या.
तो भिंतीकडे बघत, पाढा म्हटल्यासारखं म्हणाला,
"जनतेसाठी."
मी लिहिलं. शाई फुटली नाही.
पंधरवड्यात सुटला.

मग जिवल्या भोये, सुरगाण्याच्या वरच्या अंगाचा.
ठासणीची बंदूक, बापाची. कणगीत, नागलीखाली सापडलेली.
"रात्री दार वाजायचं. कोण, ते कळायचं नाही.
दोन्हीकडचे भाकरीच मागायचे.
भ्या वाटायचं, म्हणून तेल लावून ठेवली."
मी नमुना उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.
साहेबांनी विचारलं, "भ्यायलास ते कोणाच्या बाजूने?"
त्याला प्रश्न कळला नाही.
मला कळला.
तेच अजून सलतं.
अपात्र.

सुहिता देवरे मात्र बसलीच नाही.
द्राक्षांच्या खोक्यांत, कागदाच्या कातरणाखाली,
पिंपळगावहून अकरा पिस्तुलं आणली होती तिने.
हेतू विचारायची गरज नव्हती, तो खटल्यात चाळीस पानं होता.
फक्त सही हवी होती.
"माफी घ्यायला आधी चूक लागते," म्हणाली,
"ती तुमच्याकडे असेल तर द्या, मग सही करते."
मग एकदम हळू आवाजात,
"बाहेर बाकावर त्या बाई अजून बसल्यात का?"

बसल्या होत्या. रोज यायच्या.
शेवंताबाई कुमावत. पेठ गाडीच्या कंडक्टरची बायको.
मांडीवर तिकिटांच्या पेटीचा पत्र्याचा डबा,
त्यात जेवणाची पोळी.
मला म्हणाल्या, "भाऊ, ही माफी
सरकार आपल्या पदरची देतंय, का माझ्या?
माझ्या पदरची असेल तर
मला एकदा विचारायचं तरी."
मी म्हणालो, अर्ज करा.
कोणाकडे, ते सांगितलं नाही,
कारण मलाच ठाऊक नव्हतं.

तीनशे बारा पात्र, सेहेचाळीस अपात्र, एक सही नाकारली.
वर्तमानपत्रात पहिला आकडा आला.

निवृत्त झाल्यावर तांबट आळीत पाण्याची कळशी घ्यायला गेलो.
सुकदेवने ओळखलं. हातोडी थांबवली नाही.
ठोक्यांच्या मधल्या जागेत विचारलं,
"तो शेजारच्या बराकीतला डोंगरातला सुटला का?"
दोन वर्षं राहिलीत.
ठोका. ठोका.
"त्याला एक शब्द शिकवायला हवा होता कोणीतरी."
कळशीचे पैसे घेतले. पूर्ण घेतले.

हे त्याला सांगितलं नाही, इथे लिहितो :
भोयेच्या ओळीत, आठव्या रकान्यात,
पेन्सिलीने, बारीक,
मी "खरं बोलला" असं लिहून ठेवलंय.
कोणी खोडलं नाही.
वाचलंही नसावं.